डबा सत्त्याण्णववर

आमच्या ह्यांची एक सवय मला एकेचाळीस वर्षांत मोडता आलेली नाही. काहीही विचारा, "बघतो" म्हणतात. नळ गळतोय, "बघतो." चष्म्याची काडी तुटलीय, "बघतो." छातीत दुखतंय, तेही त्यांच्याच, डॉक्टरकडे चला म्हटलं तर "बघतो." आणि बघत काही नाहीत. नळ मी दुरुस्त करून घेतला, काडी मी दोऱ्याने बांधली आणि छातीत गॅस होता म्हणून वाचले.

पण दोन महिन्यांपासून "बघतो" पण बंद झालं होतं, हे जास्त वाईट. दुपारी जेवण झालं की मागच्या खोलीत जायचं, दार लोटायचं, कपाटासमोर स्टुलावर बसायचं आणि एका जाडजूड रजिस्टरात लिहायचं. माझी चाहूल लागली की कपाटाचं दार धाडकन बंद, आणि रजिस्टर मांडीखाली. मांडीखाली! सत्तरीच्या माणसाने!

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. पण नवरा मांडीखाली रजिस्टर लपवतो तेव्हा त्यात काय असतं, हे ओळखायला पाचवी लागत नाही. दोनच गोष्टी असतात. एक म्हणजे दुसरी बाई. ह्यांच्या तोंडाकडे पाहून ती शंका मी तिथल्या तिथे सोडून दिली. दुसरी म्हणजे मृत्युपत्र. आणि ते मनात आलं तशी माझ्या हातातली वाटी खाली पडली. ह्या माणसाला काहीतरी झालंय, डॉक्टरने सांगितलंय, आणि हा माणूस मला सांगत नाहीये. मी विचारलंसुद्धा नाही. विचारलं आणि त्यांनी खरं सांगितलं, तर मी काय करणार होते?

तर एक भीती ती. दुसरी डब्याची.

डबा म्हणजे राऊटर. घरातल्या दोन खोल्यांमधल्या बोळातल्या फळीवर असतो, मिठाच्या बरणीएवढा, डोक्यावर दोन शिंगं आणि पोटात हिरवे दिवे. बाहेरून एक तार त्यात येते आणि त्यातून सगळ्या घराला इंटरनेट जातं. माझ्या मुलाला, नातीला, टीव्हीला. पण खरा तो डबा सुनेसाठी. आमची सून खुणांच्या भाषेत बोलते. कुठल्यातरी दवाखान्यात ऐकू न येणारा माणूस डॉक्टरसमोर बसलेला असतो. डॉक्टर बोलतात ते ही इथे, आमच्या पुढच्या खोलीत, निळ्या पडद्यासमोर बसून हातांनी सांगते, आणि तिकडे त्याला ती कॉम्प्युटरवर दिसते. पहिल्यांदा मी दाराच्या फटीतून पाहिलं तेव्हा वाटलं, पोरीवर कुणी माश्या सोडल्यात. आता कळतं. किती घरांतल्या बायका बोलतात आणि कुणाला काही समजत नाही. आमची एक शब्द न बोलता माणसं बरी करते.

तर हे चित्र मध्येच थिजायला लागलं. एकदा थिजलं, ठीक. दुसऱ्यांदा थिजलं, ठीक म्हणू. तिसऱ्या वेळी समोर एक म्हातारे गृहस्थ होते. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही. सुनेने छातीवर मूठ फिरवून "काळजी" केलं, आणि "नाही" करायच्या आत चित्र थांबलं. ते गृहस्थ चार मिनिटं नुसती "काळजी" बघत बसले. चौथ्या मिनिटाला त्यांच्या बायकोला खुर्चीत पाणी द्यावं लागलं.

सुनेच्या ऑफिसातून पत्र आलं. सोमवारी अकरा वाजता एक साहेब दोन तास तिचं काम बघणार. चित्र एकदा जरी थांबलं, तर पुढच्या एक तारखेपासून मुख्य कचेरीत येऊन बसायचं. मुख्य कचेरी इथून आठ तासांवर. म्हणजे सून जाणार, मुलगा तिच्यामागे जाणार, आणि नात काय माझ्यापाशी ठेवणार आहेत?

ते पत्र सुनेने मला वाचून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, "जा की. तरुणांनी जावंच. आम्हाला काय धाड भरलीय?" आणि भांडी घासायला गेले. घासलेलीच भांडी होती, परत घासली. दारात नातीचे बूट असतात, उजवा डावीकडे, डावा उजवीकडे. वर्षभर मी त्यावरून ओरडतेय. त्या दिवशी मी ते नीट लावले, मग बघवेना, म्हणून परत उलटे केले.

शेजाऱ्यांना मी काही सांगितलं नव्हतं. तरी संध्याकाळपर्यंत दोघेही हजर. समोरच्या मास्तरीणबाई, ज्या निवृत्त झाल्या पण शाळा सुटली आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही, आणि वरच्या मजल्यावरचे विमावाले, ज्यांना प्रत्येक वस्तूत आग दिसते.

विमावाल्यांनी डब्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "वहिनी, हा तापलाय. आमच्या मेव्हण्याच्या ऑफिसात असाच तापला होता."

"मग?"

"मग काय, नवं ऑफिस घेतलं त्यांनी."

मास्तरीणबाई म्हणाल्या, "आग नाही हो. ह्यात माणूस शिरतो. लांब कुठेतरी बसतो आणि तारेतून तुमच्या घरात शिरतो. सगळं बघतो. मी वाचलंय."

"सगळं म्हणजे?"

"सगळं."

मी त्या दिवसापासून बोळातून जाताना पदर नीट करून जाऊ लागले.

इथे एक गोष्ट कबूल करते, कारण आता लपवण्यात अर्थ नाही. डब्याला मी लोकरीचं कव्हर विणलं होतं. ते हिरवे दिवे येता-जाता डोळे मारायचे, मला आवडत नव्हतं. दोन रंगांची लोकर, कडेला झालर, आणि घरात एकाचंही तिकडे लक्ष गेलं नव्हतं. विमावाले "तापलाय" म्हणाले आणि मला ते कव्हर आठवलं. नातीला ह्या घरातून मीच घालवतेय, माझ्या हाताने, झालरीसकट! कुणाला न कळता मी ते काढलं आणि पिठाच्या डब्यामागे कोंबलं. मग टेबलफॅन आणून डब्यासमोर लावला. दोन दिवस आम्ही घामाने भिजत होतो आणि डबा वारा खात होता. तरी शुक्रवारी चित्र थिजलंच. म्हणजे लोकरीचा दोष नव्हता. पण हे बोलून दाखवायचं तर आधी लोकरीचं सांगावं लागलं असतं.

शेवटी कंपनीला फोन लावला. जोडणी ह्यांच्या नावावर. एक दाबा, चार दाबा, परत एक दाबा, मग गाणं, मग गाण्यातच एक मुलगी म्हणाली, "ओळख पटवण्यासाठी तुमचा आवडता प्राणी सांगा."

हे म्हणाले, "गाय."

"चुकीचं उत्तर आहे, सर."

"कुत्रा?"

"सर, अजून एकच संधी आहे."

मी म्हटलं, "अहो, तुम्हाला आवडणारा प्राणी तुम्हाला माहीत नाही?"

ह्यांनी डोळे मिटले. सरकारी नोकरीत चौतीस वर्षं आवक-जावक विभागात काढली. येणारा कागद आवक रजिस्टरात, जाणारा कागद जावक रजिस्टरात, आणि ज्या रकान्यात लिहायला काही नसेल तिथे एकच शब्द. डोळे उघडून म्हणाले, "निरंक."

"बरोबर आहे, सर. धन्यवाद."

आणि त्या मुलीने सांगितलं की आमचा माणूस सोमवारी सकाळी येईल. सोमवारीच! परीक्षा अकराला आणि मास्तर त्याच सकाळी! मी तिला चार शब्द सुनावले, पण तोवर परत गाणं सुरू झालं होतं.

रविवारी नात तिच्या खेळण्यांसमोर बसून बोटं मोजत होती. म्हटलं, काय करतेस गं? म्हणाली, "आजी, नव्या घरी कुणाकुणाला न्यायचं ते बघतेय. अस्वल येणार. हत्तीला तुझ्याकडे ठेवते, म्हणजे तू रडणार नाहीस." मी म्हटलं, मी कशाला रडतेय. आणि कांदा चिरायला घेतला. कांदा बरा असतो.

सोमवारी मुलगा कामावर गेला आणि साडेनऊला कंपनीचे लाइनवाले आले. पन्नाशीचे, जाडे, चष्मा डोक्यावर, बोलणं डॉक्टरसारखं, घाबरवण्याइतकं शांत. त्यांनी आपला कॉम्प्युटर फळीवर ठेवला, एक पान उघडलं, चष्मा खाली घेतला आणि म्हणाले, "हं."

"हं म्हणजे काय?" मी विचारलं.

"मावशी, ह्या डब्याचा मेंदू असतो, प्रोसेसर. त्याच्यावर किती भार आहे ते इथे दिसतं. घरातल्या डब्यावर पाच-दहा असतो. तुमचा सत्त्याण्णव आहे."

"शंभरात?"

"शंभरात."

शाळेत मला कधी सत्त्याण्णव पडले नाहीत, आणि पडले ते असे. सून भिंतीला टेकून उभी राहिली. मास्तरीणबाई आणि विमावाले दारात होतेच. कधी आले होते देव जाणे.

"कोण एवढा भार टाकतंय ते शोधू," लाइनवाले म्हणाले. "एकेक वस्तू बंद करा."

टीव्ही बंद केला. सत्त्याण्णव. माझा फोन बंद केला. सत्त्याण्णव. नातीची पाटी बंद केली, म्हणजे ती काचेची, कार्टूनची. सत्त्याण्णव. सुनेचा कॉम्प्युटर बंद केला, तेव्हा तर मला वाटलं की आता उतरेल, सत्त्याण्णव. मग त्यांनी डब्याचं बिनतारी सगळंच बंद केलं. अट्ठ्याण्णव.

"वाढलं!" विमावाले म्हणाले आणि एक पायरी खाली उतरले.

शेवटी लाइनवाल्यांनी बाहेरून येणारी तारच उपटली. "आता डबा जगापासून तुटला. आता उतरायलाच हवं." आम्ही सगळे त्या आकड्याकडे बघत राहिलो. मास्तरीणबाईंनी माझा दंड धरला होता. आकडा हलला. सत्त्याण्णव झाला आणि तिथेच बसला.

मला सांगा, घरात एक वस्तू चालू नाही, बाहेरचं दार बंद, आणि आत कुणीतरी जीव तोडून राबतंय. भर सकाळी, उजेडात, माझ्या मानेवर काटा उभा राहिला. मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं? आतच आहे तो."

लाइनवाले खाली वाकले. "अजून एक यंत्र जोडलेलं दिसतंय. तारेने. घरात आणखी काय आहे, काका?"

आमचे हे मघापासून खांबासारखे उभे होते. खाकरले. म्हणाले, "बघतो." आणि न्हाणीघरात निघून गेले.

डब्याच्या मागून एक बारीक पांढरी तार निघाली होती. पांढऱ्या भिंतीला पांढरी तार, कडेकडेने, वीतभर अंतरावर एकेक चिमटा मारून अशी नीट बसवलेली की मी रोज तिथून फडकं फिरवते आणि मला दिसली नाही. आणि मला न दिसणारी वस्तू ह्या घरात असते म्हणजे काय!

लाइनवाले म्हणाले, "उपटून टाकतो."

"खबरदार," मी म्हटलं. "आधी जाते कुठे ते बघू. चोर घरात असेल तर मला तो डोळ्यांनी बघायचाय."

स्वयंपाकघरातून लाटणं घेतलं. पुढे मी, मागे लाइनवाले बॅटरी घेऊन, त्यांच्यामागे सून, तिच्यामागे मास्तरीणबाई. विमावाले पायरीवरूनच "सांभाळून हं वहिनी" म्हणत होते. तार बोळातून वळली, उंबऱ्याच्या कडेने मागच्या खोलीत शिरली, कोपऱ्यातून वर चढली आणि कपाटाच्या पाठीत नाहीशी झाली. दुलयांचं कपाट. थंडीशिवाय मी ते उघडत नाही. कान लावला. आत कुणीतरी घुं घुं करत होतं.

पाठीशी माणसं असल्यावर बाईने मागे फिरायचं नसतं. मी लाटणं उगारलं आणि दार ओढलं.

तीन दुलया होत्या. दुलयांच्या मागे उजेड होता. पहिली ओढली, दुसरी ओढली, आणि तिसरीमागून ह्यांचा जुना कॉम्प्युटर माझ्याकडे बघत होता. जो ह्यांनी चार वर्षांपूर्वी भंगारात दिला होता, असं मला सांगितलं होतं. त्याच्या काचेवर ओळी धावत होत्या, वारूळ फुटल्यासारख्या, एकीवर एक, वाचायला सवड न देता. खाली ते रजिस्टर.

"तो माझा आहे," मागून ह्यांचा आवाज आला. न्हाणीघरातून आले होते. हात पुसत होते, कोरडेच.

रजिस्टर मी उचललं. मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. उघडलं. रकाने आखलेले, पट्टीने. अनुक्रमांक, दिनांक, वेळ, कोणाकडून, कोणाकडे, आवक की जावक, शेरा. आणि शेऱ्यात पानभर एकच: अज्ञात, अज्ञात, अज्ञात. मृत्युपत्र नव्हतं. मला एकदम रडू फुटलं, ते मी मास्तरीणबाईंकडे पाठ करून गिळलं.

लाइनवाल्यांनी ती धावणारी काच बघितली, मग रजिस्टर बघितलं, आणि चष्मा परत डोक्यावर नेला. "काका, डब्यात नोंदीचं एक पान असतं. बंद, फक्त बिघाड, आणि सगळं. तुम्ही काय लावलंत?"

"सगळं," हे म्हणाले. जरा अभिमानाने म्हणाले, मी ऐकलं.

"काका, डब्यातून एका सेकंदात हजारो चिठ्ठ्या येतात-जातात. प्रत्येक चिठ्ठी तो आधी पोचवतो, मग तिची नोंद लिहितो, मग नोंदीची प्रत ह्या कॉम्प्युटरला पाठवतो. आता प्रत पाठवली म्हणजे तीही एक चिठ्ठीच झाली. म्हणून तिचीही नोंद."

"अर्थात," हे म्हणाले. "जावक."

"आणि त्या नोंदीची प्रत?"

"तीही जावक."

"आणि तिची?"

ह्यांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. चौतीस वर्षांची नोकरी त्या उघड्या तोंडासमोरून जाताना मला दिसली.

"म्हणून बाहेरची तार उपटली तरी भार उतरेना," लाइनवाले म्हणाले. "डबा स्वतःच्याच नोंदी घेत बसला होता. दीदींचं चित्र न्यायला त्याला हात मोकळा कुठे होता?" मग रजिस्टर चाळत विचारलं, "हाताने किती उतरवल्यात?"

"चार हजार दोनशे बारा. दोन महिन्यांत."

"तेवढ्या त्याच्या निम्म्या सेकंदात होतात, काका." असं म्हणाले खरं, पण रजिस्टर दोन्ही हातांनी मिटून, जपून परत दिलं. ते मला आवडलं.

मग माझी वाचा परत आली. "अहो, पण कशासाठी? तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे उद्योग करायला?"

"तूच," हे म्हणाले.

"मी?"

"विमावाल्यांचं पार्सल मी चुकून घेऊन ठेवलं होतं, आणि आठ दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हा तू ह्या दोघांच्या समोर म्हणालीस. चौतीस वर्षं सरकारची आवक-जावक सांभाळली, आणि स्वतःच्या घरात काय येतं नि काय जातं, ह्या माणसाला पत्ता नाही." खाली बघत होते. "सगळे हसले. मला वाटलं, बरोबर आहे तुझं."

मास्तरीणबाई छताकडे बघू लागल्या. त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने त्याच हसल्या होत्या. आणि मी? मी ते बोलून विसरूनसुद्धा गेले होते. इतकं छान बोलते मी दिवसातून दहा वेळा, कुठलं लक्षात ठेवणार?

दहा वाजून अट्ठेचाळीस मिनिटं झाली होती. लाइनवाल्यांनी ते पान उघडलं, "सगळं" होतं तिथे "बंद" केलं, पांढरी तार काढली, बाहेरची जोडली. आकडा खाली आला. साठ, एकवीस, नऊ, चार. चारावर थांबला. सुनेने तोंडावर पाणी मारलं, निळ्या पडद्यासमोर बसली आणि दार लावून घेतलं.

दोन तास. लाइनवाले म्हणाले, थांबतो, आणि फळीसमोर खुर्ची टाकून आकड्यावर नजर ठेवून बसले. कुणी फोन लावला नाही, कुणी नळ सोडला नाही. नळाचा काय संबंध, पण मी सोडू दिला नाही. नात माझ्या मांडीवर हत्ती घेऊन बसली होती. हे समोर बसले होते, रजिस्टर छातीशी धरून. एकदा आकडा अकरावर गेला, तेव्हा आम्ही दोघांनी एकदम एकमेकांकडे पाहिलं. एकेचाळीस वर्षांत इतकं एकत्र कधी घाबरलो नसू.

एक वाजता दार उघडलं. सून दारात उभी. दोन तास हातांनी बोलून तोंड उघडायचं ती विसरलीच होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि छातीवर मूठ फिरवली. काळजी.

तेवढ्यात नातीने धावत जाऊन तिच्या दोन्ही हातांना मिठी मारली आणि हात तिथेच अडकले. मी त्या म्हाताऱ्या गृहस्थांना कधी पाहिलेलं नाही, पण त्यांची ती चार मिनिटं मी त्या क्षणी काढली. घर रिकामं दिसलं, दारातली जागा रिकामी दिसली, हत्ती एकटा दिसला. मग सुनेने एक हात सोडवून घेतला आणि दुसरी खूण केली. नाही.

काळजी नाही!

मास्तरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. विमावाले त्या दिवशी प्रथमच उंबऱ्याच्या आत आले. मी नातीला म्हटलं, जा, ते बूट नीट लाव, काय शिस्त आहे की नाही, आणि घसा साफ करून ह्यांच्याकडे वळले. ते उठून उभे राहिले होते. चार माणसांसमोर मी त्यांना बोलले होते, तेव्हा आताही जे बोलायचं ते चार माणसांसमोरच, आणि मोठ्याने.

"नीट ऐका. एकेचाळीस वर्षं मी बोलतेय आणि तुम्ही कधी एक अक्षर ऐकलं नाहीत, म्हणून तर हे घर धड चाललं. एकदा ऐकलंत, आणि बघा, नात जायची वेळ आली! ह्यापुढे मी काहीही बोलले, तरी मनावर घ्यायचं नाही. नुसतं 'बघतो' म्हणायचं."